तंजावरचा परवलीचा शब्द

प्रवासाला निघणाऱ्या माणसाने तीन वस्तू विसरू नयेत, असे आमचे अण्णा नेहमी सांगतात : तांब्या, दोरी आणि ओळखीचे पत्र. तांब्या-दोरी असली की कोणत्याही गावची विहीर आपली, आणि ओळखीचे पत्र असले की कोणत्याही गावचे दार आपले. आम्ही मुले यावर हसत असू. विहिरी बुजल्या, स्टेशनावर बाटलीतले पाणी मिळू लागले, आणि कुणाच्या घरी पत्र घेऊन उतरण्याची रीतही गेली. आता खिशात आधारकार्ड आणि हातात मोबाईल असला की माणूस कन्याकुमारीपर्यंत ताठ मानेने जातो. मीही तसाच गेलो होतो. ओळखीच्या पत्रावाचून माणसाचे कसे अडते, हे मला चौऱ्याऐंशी वर्षांच्या अण्णांनी शिकवले नाही. ते तंजावरच्या एका हॉटेलातल्या वायफायने शिकवले.

मराठी शिकवण्यात हयात घालवणाऱ्या माणसाने तंजावर पाहिले नाही, तर ते वारकऱ्याने पंढरपूर न पाहिल्यासारखे आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी १६७६ च्या सुमारास तिथे राज्यावर बसले, आणि १८५५ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा करीपर्यंत कावेरीच्या त्या हिरव्यागार मुलखात मराठी ही दरबाराची भाषा होती. अण्णा शाळेत इतिहास शिकवीत. मोडी त्यांना वर्तमानपत्रासारखी वाचता येते. तंजावरला जाऊन मंदिरातला मराठी शिलालेख डोळ्यांनी पाहायचा, हे त्यांच्या मनात चाळीस वर्षे होते. आधी पगार पुरला नाही, मग आमची शिक्षणे निघाली, आणि अखेर पायांनी साथ सोडली. तेव्हा गेल्या डिसेंबरात परीक्षा संपताच मी अकरावीतल्या मुलीला घेऊन निघालो. सौभाग्यवती अण्णांपाशी राहिल्या. निघताना अण्णांनी एवढेच सांगितले, “फोटो काढ. पण ओळीने काढ. देवळाच्या फोटोंची पुस्तके पुष्कळ आहेत, मला अक्षरे पाहायची आहेत.”

चेन्नईच्या एग्मोर स्थानकावर रात्रीची गाडी धरली आणि उजाडता उजाडता तंजावरला उतरलो. हॉटेल जुन्या वाड्यासारखे, दोन हात रुंद भिंतींचे. देखण्या लाकडी मेजामागे एक तरुण बसला होता. त्याने आधारकार्ड घेतले, नाव विचारले, वडिलांचे नाव विचारले, ते संगणकात बडवले आणि किल्ली दिली. वडिलांचे नाव त्याला कशाला हवे, असा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता. पण समोर फिल्टर कॉफीचा वास येत होता, आणि अशा वेळी माणूस प्रश्न विचारीत नाही.

बृहदीश्वराचे वर्णन मी करणार नाही. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले ते शिखर साठ मीटरांहून उंच आहे, हे सांगून ते दिसत नाही. त्याच्याखाली उभे राहून मान दुखू लागली म्हणजे दिसते. आम्ही चाललो होतो ते प्राकाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीशी. तिथे चोळांच्या तमिळ अक्षरांच्या राज्यात अचानक आपली बाळबोध अक्षरे भेटतात. ओळींमागून ओळी, भिंतीमागून भिंत. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली कोरविलेला हा भोसले कुळाचा वृत्तान्त.

हा लेख का कोरविला असेल, हे समजायला सरफोजींची गोष्ट ठाऊक हवी. ते तुळजाराजांचे दत्तक पुत्र. ते दत्तकविधानच खरे नाही, असा वाद घालून त्यांचे चुलते अमरसिंग गादीवर बसले. अखेर १७९८ साली सरफोजींना गादी मिळाली. पण पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने तह करून कारभार काढून घेतला आणि राजांकडे किल्ला व भोवतालचा थोडा मुलूख ठेवला. त्यानंतर चार वर्षांनी हा लेख. राज्य गेलेले, वारसा वादात सापडलेला. अशा राजाने आपण कोण, कुणाचे, कुठून आलो, हे दगडावर खोदून ठेवले. माणसे त्याला प्रशस्ती म्हणतात. मला त्या सकाळी ते एक लांबलचक ओळखीचे पत्र वाटले.

मुलीने फोनवर एकशे चाळीस फोटो काढले, ओळीने. शेवटची भिंत उरली असताना घरून फोन आला. अण्णा सकाळी न्हाणीघरात घसरून पडले होते. खुब्याचे हाड मोडले होते. दवाखान्यात नेले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शस्त्रक्रिया ठरली होती. मी लगेच तिकिटे पाहू लागलो. तिरुचिरापल्लीचा विमानतळ तंजावरहून साठेक किलोमीटर. सकाळचे पहिले विमान धरून चेन्नईमार्गे पुण्यास पोहोचेपर्यंत दुपार उलटणार होती. म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी मी आकाशात कुठेतरी. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस भूल घेऊन आत जातो, तेव्हा डॉक्टर कितीही हसून बोलले तरी घरच्यांना जे समजायचे ते समजते.

“अण्णा म्हणताहेत, शेवटची भिंत सोडू नकोस,” सौभाग्यवतींनी सांगितले. “रात्री नऊपर्यंत भेटू देतात. त्याच्या आत व्हिडिओ लाव, आणि फोटो पाठव.”

व्हिडिओच लावायला हवा होता, याचे कारण अण्णांना ऐकू येत नाही. दहा वर्षांपूर्वी कान गेले. ते ओठ वाचतात. फोनवरचा आवाज त्यांच्या दृष्टीने नुसते यंत्र. निरोप पाटीवर लिहून दाखवता येतो, पण पाटीवर चेहरा उमटत नाही.

दुपारी पाऊस आला. त्या प्रदेशात आपल्या उलट रीत. ईशान्येकडचा मोसमी पाऊस तिथे हिवाळ्याच्या तोंडाशी कोसळतो. तीनच्या सुमारास फोनवरच्या रेघा एकेक करून मावळल्या आणि मग मोबाईलचे सगळेच बंद पडले. जवळचा टॉवर गेला होता. हॉटेलात जनित्र होते, जमिनीखालून आलेली इंटरनेटची तार शाबूत होती आणि मेजावर एक जुना तारेचा फोन होता. खोलीच्या भिंतीवर सुंदर चौकटीत लिहिले होते : मोफत वायफाय. मी निश्चिंत झालो. इथून माझ्या द्राविडी प्राणायामाला, तोही खुद्द द्रविड देशात, सुरुवात झाली.

वाचकहो, वायफाय या शब्दाला अर्थ नाही. पुष्कळांना तो कुठल्यातरी विद्वान इंग्रजी शब्दांचा संक्षेप वाटतो. मी मराठीचा मास्तर असल्याने व्युत्पत्ती पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. १९९९ साली व्यापारी नावे पाडून देणाऱ्या एका कंपनीने हायफायशी यमक जुळते म्हणून हे नाव काढून दिले, इतकेच. अर्थ नसलेल्या शब्दावर विसंबून मी सहा वाजता फोन उघडला. पंख्यासारखे ते चिन्ह आले. खाली लिहून आले की जोडणी झाली, पण इंटरनेट नाही. म्हणजे लग्न लागले, पण नवरी माहेरीच.

मुलीने मला समजावले ते असे. हॉटेलचे वायफाय म्हणजे वाडा, आणि त्याला एक देवडी असते. आपला फोन आत शिरला की गुपचूप एका ठरावीक पत्त्यावर हाक मारून पाहतो. ठरलेले उत्तर आले, तर रस्ता मोकळा. देवडीवाल्याने मध्येच हाक अडवून दुसरे उत्तर दिले, तर फोन ओळखतो की इथे आधी नाव सांगायला हवे, आणि नाव लिहिण्याचे पान समोर धरतो. आमच्या फोनवर ते पान येतच नव्हते. मी ब्राउझरात एकामागून एक संकेतस्थळे उघडून पाहिली. प्रत्येकाने धोक्याची सूचना देऊन दार लावून घेतले.

“बाबा, ही सगळी कुलूपबंद पाकिटे आहेत,” मुलगी म्हणाली. “देवडीवाल्याला पाकीट फोडून त्यात आपला कागद घालता येत नाही. त्याला पोस्टकार्ड द्यायला हवं.” तिने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठलासा खाजगी पत्ताशोधक बंद केला आणि कुलूप नसलेला एक साधा, जुन्या पद्धतीचा पत्ता टाकला. पोस्टकार्ड बरोबर अडवले गेले. देवडीचे पान हजर झाले. वर मंदिराचे चित्र, खाली तमिळ आणि इंग्रजीत स्वागत, आणि एक चौकोन : मोबाईल क्रमांक लिहा, त्यावर आलेला ओटीपी भरा.

क्रमांक लिहिला. ओटीपी येणार कसा? टॉवर गेला होता.

हे ओटीपीचे लचांड हॉटेलवाल्यांनी हौसेने लावलेले नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी धमकीची मेल गेली होती, ती नवी मुंबईतल्या एका घरच्या वायफायवरून, घरच्या माणसाला पत्ताही नसताना. पुढे २००९ साली दूरसंचार खात्याने दंडक घातला की वायफाय वापरणारा कोण, याची नोंद राहिली पाहिजे. दंडक योग्यच आहे. पण आपण कोण हे सिद्ध करायला फोन लागतो, आणि फोन चालायला आपण कोण हे सिद्ध करावे लागते, अशा फेऱ्यात मी सापडलो तेव्हा साडेसात वाजले होते.

त्या चौकोनाखाली बारीक अक्षरांत आणखी एक वाट होती : खोली क्रमांक आणि आडनाव. हायसे वाटले. आडनाव तर जन्मापासून पाठ. लिहिले. ‘चूक’ असे उत्तर आले. माझ्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग आमच्याच घरात तीन प्रकारे होते. तिन्ही करून पाहिली. पहिले अक्षर मोठे, मग सगळी लहान. पाचव्या प्रयत्नाला पानाने तंबी दिली की पंधरा मिनिटे थांबा. वर्गात पाच वेळा चुकीचे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला मी यापेक्षा सौम्यपणे बाकावर उभे करतो.

खाली मेजाशी गेलो. तरुण हसतमुख होता. “रीस्टार्ट सार्,” तो म्हणाला, आणि आढ्याजवळच्या पेटीचे बटन त्याने बंद करून चालू केले. त्या पेटीतून इतर पाहुण्यांचे सिनेमे सुरळीत चालले होते. त्यांना त्याने क्षणभर उगीच पोरके केले. “तुमच्या संगणकात माझे आडनाव काय लिहिले आहे?” मी इंग्रजीत विचारले. त्याने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला नाही, नियम नव्हता. तो म्हणाला, “युवर नेम ओन्ली, सार्.” आठ वाजून पाच मिनिटे झाली होती. मी मेजावरच्या फोनवरून घरी बोललो. सौभाग्यवती म्हणाल्या, “डोळे दाराकडे लावून बसलेत. पाटीवर मी लिहिलं, तू बोलणार आहेस म्हणून. दर पाच मिनिटांनी घड्याळ दाखवतात.”

मी काही बोललो नाही. पण माझा चेहरा कोपऱ्यात हिशेब करीत बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी पाहिला असावा. कपाळावर गंध, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मी फोनवर मराठीत बोललो, ते त्यांनी ऐकले होते.

“तुम्ही मराठी का?” त्यांनी विचारले.

तो प्रश्न मराठीत होता आणि हेल कावेरीकाठचा होता. शब्द आपले, पण वाक्य पुढे सरकताना तमिळ चालीने डुलत सरकायचे. मी त्यांना सगळे सांगितले. ते एकाग्रतेने ऐकत राहिले. मग म्हणाले, “आडनाव म्हणजे काय, हे त्या पोराला ठाऊक नाही. त्याला स्वतःला आडनाव नाही.”

आणि त्यांनी मला पाच मिनिटांत जे शिकवले, ते वीस वर्षे मराठी शिकवूनही मला सुचले नव्हते. तमिळ मुलखात माणसाला एक नाव, आणि त्याच्याआधी बापाच्या नावाचे पहिले अक्षर, एवढेच पुरते. १९२९ साली चेंगलपट्टूला भरलेल्या स्वाभिमान परिषदेत जातीची बिरुदे नावापुढून काढून टाकण्याचा पुकारा झाला, आणि पुढे घराघरांतून ती उपपदे गळून गेली. परदेशी बनावटीच्या संगणकात मात्र शेवटच्या नावाचा रकाना भरावाच लागतो. तो रिकामा ठेवला की यंत्र पुढे सरकत नाही. तेव्हा ही मुले तिथे बापाचे नाव घालतात. त्यांच्या दृष्टीने तेच शेवटचे नाव, तेच कूळ.

“आमचं घराणं राजांबरोबर आलेलं,” ते पुढे म्हणाले. “आडनाव आजोबांपर्यंत होतं. आता कागदावर राव, आणि पुढे एक अक्षर. मुलाच्या नावापुढून रावही गेलं. तो माझ्या नावाचं अक्षर लावतो. तेवढा मी त्याच्याबरोबर असतो.” असे म्हणून ते पुन्हा हिशेबाकडे वळले. मी त्यांचे आभार मानले की नाही, ते आठवत नाही. मी जिन्याकडे धावत होतो.

पंधरा मिनिटांची शिक्षा अजून सरली नव्हती. खाली मी घाईने आणखी चुका केल्या होत्या आणि दंड वाढला होता. पण मुलगी हुशार. प्रत्येक फोनला आपला एक यंत्रक्रमांक असतो, आणि हल्लीचे फोन माणसाचा माग लागू नये म्हणून वायफायला खऱ्याऐवजी बनावट क्रमांक सांगतात. देवडीवाल्याने ज्याला बाकावर उभे केले होते, तो हा बनावट क्रमांक. तिने सेटिंग बदलून खरा क्रमांक पुढे केला. सोंग उतरवताच आमचा तोच फोन नवखा पाहुणा म्हणून देवडीवर उभा राहिला. पुन्हा पाच संधी.

मी चौकोनात अण्णांचे नाव लिहू लागलो. हे नाव मी जन्मात कधी तोंडाने उच्चारलेले नाही. आमच्या घरात तशी रीत नाही. कागदावर मात्र ते हजारदा लिहिले आहे. शाळेच्या वह्यांवर, नोकरीच्या अर्जांवर, स्वतःच्या नावाला आणि आडनावाला जोडणारा एक सांधा म्हणून. त्यात आशय असतो, याचा विचार कधी केला नाही.

‘चूक.’

आठ बत्तीस. मी पलंगावर बसून राहिलो. मुलगी म्हणाली, “बाबा, तो मुलगा कार्ड बघून लिहीत होता की तुम्ही सांगाल तसं?” मी सांगितले होते, त्याने ऐकून लिहिले होते. आणि अण्णांच्या नावात एक त आहे. रस्त्यावरच्या पाट्या आठवल्या. आपण त साठी नुसता टी लिहितो. तिकडे टी हा ट साठी राखलेला, त ला टी आणि एच अशी दोन अक्षरे लागतात. मी एक एच घातला.

देवडी उघडली.

दवाखान्यातली खोली पडद्यावर आली तेव्हा आठ वाजून सदतीस मिनिटे झाली होती. अण्णा उशीला टेकून होते, आणि मी कधी पाहिले नव्हते इतके लहान दिसत होते. मी सावकाश, ओठ नीट हलवीत म्हणालो, “अण्णा, मी उद्या दुपारी येतो.” त्यांनी मान हलवली आणि हाताने खूण केली : पुढे. मुलीने तेवढ्यात फोटो सोडायला सुरुवात केली होती. सौभाग्यवतींनी एकेक फोटो मोठा करून धरला. अण्णांनी चष्मा मागितला. मग बराच वेळ कुणी काही बोलले नाही. पडद्यावर त्यांचे बोट दिसत होते, अक्षराखालून अक्षराखाली सरकणारे, वर्गात फळ्यावरची ओळ दाखवावी तसे. ओठ हलत होते. मी ओठ वाचायला शिकलेलो नाही, पण ते वाचत होते एवढे मला कळत होते.

नऊला दोन मिनिटे कमी असताना परिचारिका आली. अण्णांनी फोनकडे पाहिले आणि मोठ्याने, बहिरी माणसे बोलतात तसे, विचारले, “भिंतीवर पाणी येतं का रे पावसाचं?”

मी मानेने नाही म्हटले. खरे तर मला ठाऊक नव्हते. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता.

सकाळी साडेचारला निघालो. किल्ली परत करताना तरुणाने अदबीने छापील बिल हातात ठेवले, ते मी न पाहताच खिशात घातले. चेन्नईच्या विमानतळावर फोनला जीव आला तेव्हा घरचा एकच संदेश होता : आत नेले. पुण्याला उतरलो तेव्हा दुसरा होता : बाहेर आणले, शुद्धीवर आहेत, फोटो मागताहेत.

आता अण्णा वॉकर धरून ओसरीपर्यंत येतात. एकशे चाळीस फोटोंच्या प्रती मी मोठ्या आकारात काढून आणल्या. रोज सकाळी एक घेऊन भिंगाने वाचण्याचा त्यांचा परिपाठ आहे. भिंतीवर पाणी येते की नाही, याची चौकशी मी त्या हिशेबनीस गृहस्थांकडे पत्राने केली. त्यांचे उत्तर मराठीत आले. त्यात आणखी बारा फोटो होते आणि खाली सही होती, एका अक्षरासह.

बिल मात्र माझ्याकडे राहिले नाही. कोट धुवायला टाकताना सौभाग्यवतींना ते सापडले. त्यावर माझ्या नावाचा मागमूस नव्हता. इंग्रजीत ‘मिस्टर’ आणि पुढे अण्णांचे नाव, एका जास्तीच्या एचसकट. खोलीचे दोन दिवसांचे भाडे, दोन कॉफ्या आणि वायफाय मोफत. अण्णांनी ते हातात घेतले, चष्मा लावून दोनदा वाचले आणि आपल्या जुन्या कागदांच्या पेटीत, पेन्शनच्या कागदांच्या वर ठेवले.

“असू दे,” ते म्हणाले. “तंजावरला मीही राहून आलो, याचा दाखला आहे.”